मागचा सेन्सर कोणी बंद केला

११ ऑगस्ट, सोमवार
कारंजा. सकाळी कापडाच्या दुकानात नवीन अलार्म बसवला. दिगंबरकाका शिडीवर, मी खाली. काका वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त, वय बासष्ट, आणि मला शिडीला हात लावू देत नाहीत. म्हणतात, मालकानं खाली राहावं. मालक खाली बसून वायरी सोलते.

जेवायला बसले तर फोन. मेडिकलवाल्याचा अलार्म वाजतोय. स्वतःचंच दुकान उघडलं, कोड विसरला. पहिला फोन माझ्याकडे येतो, कारण पॅनलमध्ये पहिला नंबर माझा आहे. एकोणचाळीस दुकानांत माझाच. बसवताना विचारते, कोणाचा नंबर टाकू? सगळ्यांचं उत्तर एकच, तुमचाच टाका ताई, आमाले काय समजते त्यातलं. आणि मी टाकते. भाजी गार झाली.

चार वाजता शेलूबाजारहून गजाननभाऊंचा फोन. त्यांच्या कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत फवारणीच्या औषधांचा साठा. वरच्या टिनांवर वानरं नाचतायत, सकाळपासून चार वेळा भोंगा वाजला, मलाही चार फोन आले, गिऱ्हाइकं हसतायत. फोनवरच बटणं सांगितली आणि मागचा सेन्सर बंद करायला लावला. म्हटलं, दोन दिवसांत येऊन जागा बदलून देते. ते म्हणाले, ये निवांत.

१४ ऑगस्ट, गुरुवार
पतसंस्थेचा निरोप! मुख्य शाखा नि दोन लहान शाखा, तिन्हीकडे अलार्म आणि कॅमेरे. एवढं मोठं काम आठ वर्षांत आलं नव्हतं. दिवसभर तिन्ही शाखांची मापं. प्रकाश म्हणाला, आता चौथीच्या पोरांना शिकवणं सोडून बायकोकडेच नोकरीला येतो. म्हटलं, अर्ज कर, बघू.
शे.बाजार राहिलं. परवा.

२० ऑगस्ट, बुधवार
पतसंस्थेचं अंदाजपत्रक तीनदा बदललं. काका पोळ्यासाठी गावी, इंझोरीला, बैल सजवायचे. एकटी जाऊन टिनाखालचा सेन्सर हलवता येणार नाही असं नाही, पण
पोळ्यानंतर जाऊ. ग.भाऊ काही बोललेले नाहीत, म्हणजे घाई नसावी.

२३ ऑगस्ट, शनिवार
ग.भाऊंकडे चोरी.
काल पोळा म्हणून दुकान दुपारीच बंद केलेलं. आज सकाळी उघडलं तर मागचा टिनाचा पत्रा उचकटलेला, महागड्या औषधांचे खोके नेमके उचललेले. भोंगा वाजला नाही. मला फोन आला नाही. येणार कुठून, सेन्सर बंद.

गाडीवर गेले, पाऊण तास. भाऊ दुकानाबाहेर खुर्चीवर बसलेले, भोवती दहा-पंधरा माणसं. मला बघून उठले नाहीत. सगळ्यांसमोर म्हणाले, "तूनंच सांगतलं होतं बंद कराले."
मी म्हटलं, दोन दिवसांपुरतं म्हटलं होतं भाऊ.
"मले तसं नाही म्हनलं."
मी म्हटलं होतं का नव्हतं? दोन दिवसांत येते, हे म्हटलं. दोन दिवसांपुरतं बंद करा, असं म्हटलं का? परतीच्या वाटेवर फोनवरचं बोलणं शब्दन् शब्द आठवायला बघितलं. आठवत नाही. 'ये निवांत' मात्र लख्ख आठवतं, आणि ते त्यांना आठवत नाही.

हा माणूस कोण, हे मलाच मला सांगायची गरज नाही. आठ वर्षांपूर्वी ड्रिल मशीन घेऊन दुकानोदुकानी फिरत होते तेव्हा लोक विचारायचे, मिस्त्री कुठं आहे? भाऊंनी विचारलं नाही. माझं पहिलं काम त्यांचं. पुढची दहा कामं त्यांच्या शब्दावर. आज त्यांनी मला पाणीही विचारलं नाही. रडले गाडीवर. हेल्मेट होतं, बरं झालं.

२५ ऑगस्ट, सोमवार
पो.स्टे.ला जबाब. जमादार चांगला बोलला, म्हणूनच जास्त लागलं. त्यानं आवाज चढवला नाही, फक्त विचारत गेला. अलार्म बसवणारी तुम्ही? हो. बंद करायला कोणी सांगितलं? मी. परत चालू करायची जबाबदारी कोणाची? तुमचं नि त्यांचं काय ठरलं होतं ते दाखवा. दाखवायला काही नाही साहेब, बिल आहे. बिलावर काय, पॅनल एक, सेन्सर चार, भोंगा एक.
"मंग बाई, कोनाचं खरं धरू मी?"
दुकानं कधी बंद असतात, सेन्सर कुठे आहेत, कोड काय, सगळं मला माहीत. आज पहिल्यांदा वाटलं की हे माहीत असणं धोक्याचं आहे. संशय घेतला असं तो म्हणाला नाही. गाव सोडून बाहेर जाणार असाल तर कळवा, एवढंच म्हणाला.

२७ ऑगस्ट, बुधवार
घरोघरी गणपती बसले आणि बाजारात मी. अलार्मवाल्या बाईनंच अलार्म बंद केला, हे वाक्य माझ्या आधी सगळीकडे पोचतं.
मेडिकलवाल्यानं बोलावलं. कोड बदलून पाहिजे. बदलायला शिकवलं, तर म्हणाला, तुमी जरा तिकडं तोंड करा. केलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिले आणि पाठीमागून बटणांचे आवाज येत होते. ह्या माणसाला मी महिन्यातून चारदा कोड सांगते. मान गरम झाली नुसती.

संध्याकाळी पतसंस्थेच्या मॅनेजरचा फोन. संचालक विचारतायत, ग्राहकाशी लेखी करार करता ना? नमुना घेऊन चार तारखेला बैठकीला या. नसेल तर काम दुसऱ्याला.
आहे म्हणणार होते. नाही म्हणाले. आणते म्हणाले.

२८ ऑगस्ट, गुरुवार
आमच्या बाबांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात मजुरी केली, पण न वाचता कुठं सही केली नाही. रेशनच्या दुकानातसुद्धा रजिस्टर फिरवून घ्यायचे, बोट ठेवून वाचायचे, मागे रांग कुरकुरायची. लहानपणी मला लाज वाटायची. त्यांची लेक मी, डिप्लोमा केलेली, आणि आठ वर्षं तोंडी धंदा करते. काहून? कारण कागद पुढे केला की लोकांना वाटतं, भरवसा नाही. आणि मला बाई म्हणून आधीच इतकं पटवून द्यावं लागत होतं की आणखी एक अडचण नको वाटली. खरं कारण हेच आहे. चहा पिऊन 'बरं मग, उद्या येते' म्हणणं सोपं होतं.
बस झालं. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस दुकानांकडून लेखी घेणार. हसोत, रागावोत, अलार्म काढून टाकोत.

३० ऑगस्ट, शनिवार
प्रकाश टाइप करायला बसला. पहिली ओळ, 'सदरहू उभयपक्षी खालीलप्रमाणे'. म्हटलं, पुस. तो म्हणे, कराराची भाषा अशीच असते. म्हटलं, मेडिकलवाला ही भाषा वाचेल का? न वाचता सही करेल आणि मग आपण जिथे होतो तिथेच. अर्धा तास भांडण, मग चहा, मग पुसलं.
आता असं आहे: अलार्म चोरी थांबवत नाही, कळवतो. फोन कोणाला जाणार ते दुकानदार ठरवणार, तीन नंबर तोच लिहून देणार, आणि फोन आल्यावर जाऊन बघणं त्याचं काम, माझं नाही. सिमचं रिचार्ज त्याचं. बॅटरी सहा महिन्यांनी मी बघणार, बघितल्यावर दोघांची सही. कोड फक्त त्याच्याकडे.
आणि सेन्सर बंद करायचा असेल तर लेखी. कोणता, का, कधीपर्यंत. त्या तारखेला मी गेले नाही तर चूक माझी. प्रकाश म्हणाला, हे शेवटचं स्वतःच्याच गळ्यात कशाला अडकवून घेतेस? म्हटलं, राहू दे. टाइप कर.

१ सप्टेंबर, सोमवार
वकिलांनी तपासून दिलं. दोन ठिकाणी भाषा पक्की केली, बाकी म्हणाले, बाई, बरं लिहिलंय. खूश झाले. मग ग.भाऊंचं विचारलं. मी त्यांना कबूल करू का, की जायला हवं होतं, गेले नाही? वकील चष्मा काढून बघत राहिले. म्हणाले, तोंडी काय ते बोला, कागदावर एक अक्षर द्यायचं नाही. तपास चालू आहे, ते नुकसानभरपाई मागू शकतात, स्वतःच्या हातानं पुरावा देणार का?
बरोबर आहे त्यांचं.

३ सप्टेंबर, बुधवार
तीन दिवस कागद घेऊन फिरतेय. काका सोबत येतात, पण सहीची वेळ आली की बाहेर जाऊन उभे राहतात. आज रागावलेच. "ताई, ज्याच्या घरी चा पेतो त्याले सही मांगनं बरं दिसते काय? मी तीस साल खांबावर चढलो, कोनाले कागद नाही मांगतला." मी म्हटलं, काका, खांबावर चढायच्या आधी लाइन बंद असल्याचा परवाना लेखी घेत होता की नाही? ते म्हणाले, ते येगळं. थोड्या वेळानं म्हणाले, तो तं जीवाचा सवाल होता. पुढच्या दुकानात मात्र आत येऊन बसले.

हार्डवेअरवाल्यानं न वाचता सही केली. परत घेतला कागद, म्हटलं वाचा. वैतागला, पण वाचला, आणि रिचार्जवर अडला, ते तुम्हीच करत होता ना? करत होते, चूक होती. मेडिकलवाला म्हणाला, आमच्यावर भरवसा नाही काय? त्या दिवशी कॅलेंडरकडे तोंड करून मी उभी होते, हे ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, आहे, म्हणून लिहून देतेय. त्यानं कागद ठेवून घेतला. सही नाही.
कापड दुकानातल्या वहिनींनी मात्र सगळं वाचलं, दोन वेळा, आणि विचारलं, दुकान आम्ही भाड्यानं दिलं तर हा कागद कोणाला लागू? हे मला, प्रकाशला, वकिलांना, कोणालाच सुचलं नव्हतं. रात्री घातलं.
अकरा सह्या.

४ सप्टेंबर, गुरुवार
पतसंस्था. नमुना फिरला, सगळ्यांनी चाळला, मॅनेजरनं मान हलवली. झालं असं वाटलं. तेवढ्यात एक संचालक, शे.बाजारचेच, म्हणाले, "कागद बेस हाय. ह्याच्यावर गजाननभाऊची सही हाय काय?"
नाही.
"त्याहीची आना. मंग आमी काम देतो. ते तुमच्यावर भरवसा ठेवून राह्यले असन तं आमाले काय हरकत."
पुढची बैठक बावीस तारखेला.
बाहेर येऊन पायरीवर बसले. ह्यात चुकीचं काहीच नाही, हाच त्रास आहे. त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

७ सप्टेंबर, रविवार
काम पाहिजे म्हणून ग.भाऊंकडे जायचं आणि सही मागायची. कल्पना केली तरी कसंतरी होतं. त्यांच्या गोदामातला माल गेला, आणि मी नवीन कागद पुढे करून म्हणणार, यापुढे फोन आल्यावर तुम्ही बघायचं. मागचं? मागच्याबद्दल त्या कागदात एक ओळ नाही.
प्रकाश म्हणाला, तोंडी माफी माग, मोठ्या मनाचे आहेत.
तोंडी. तेच तर. उद्या ते म्हणतील, ती असं म्हणाली नव्हती, किंवा मी म्हणेन. मी एकोणचाळीस माणसांना सांगत फिरतेय की तोंडी काही ठेवू नका, आणि माझी चूक तेवढी तोंडी?
वहीचं पान फाडून लिहिलं. चार ओळी. अकरा ऑगस्टला मी फोनवर मागचा सेन्सर बंद करायला सांगितलं. दोन दिवसांत येते म्हणाले. बारा दिवस गेले नाही. दुसरं मोठं काम आलं होतं, म्हणून. खाली सही, तारीख. शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, दोनदा परत लिहिलं. प्रकाशला वाचायला दिलं. वाचून तो म्हणाला, पतसंस्था गेली समज, आणि कदाचित बरंच काही. मी म्हटलं, हो.
भीती वाटतेय. तरी देणार.

९ सप्टेंबर, मंगळवार
शे.बाजार. काकांना घेऊन गेले. काका सरळ मागच्या खोलीत, टिनापासून दूर, दारावर सेन्सर लावायला. भाऊंनी त्यांना अडवलं नाही. मला बस म्हणाले नाहीत, तरी बसले.
दोन्ही कागद समोर ठेवले. करार त्यांनी नुसता बघितला. वहीचं पान उचललं, चष्मा लावला, वाचलं. परत वाचलं. दुकानात दोन शेतकरी उभे होते, त्यांना थांबा म्हणाले.
"वकिलाले दाखवलं हे?"
विचारलं होतं. एक अक्षरही देऊ नका म्हणाले.
"मंग काहून आनलं?"
"सगळ्याहीकडून लेखी मांगून राह्यली भाऊ. माह्यं तेवढं तोंडी ठेवू काय?"
त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पतसंस्थेचंही मीच सांगितलं, तुमची सही असेल तरच काम मिळणार, म्हणजे नंतर दुसऱ्याकडून कळायला नको. ते म्हणाले, माहीत हाय मले. दोन्ही कागद गल्ल्याच्या खालच्या खणात टाकले, किल्ली फिरवली आणि शेतकऱ्यांकडे वळले. सोयाबीनवरच्या अळीचं बोलणं सुरू झालं.
काकांचं काम होईपर्यंत तासभर तिथेच बसून होते. निघताना काका म्हणाले, भाऊ, सेन्सर चालू करून देल्ला, पाहून घ्या. भाऊ उठून गेले, हात हलवून तीन वेळा पाहिलं. तिन्ही वेळा भोंगा वाजला.

११ सप्टेंबर, गुरुवार
वकिलांना सांगितलं. ते रागावले नाहीत, हसले, म्हणाले, आता मी काय करू ते सांगा. मग जमादाराचा फोन आला, वाटलं पान त्याच्यापर्यंत पोचलं. पण त्याला फक्त पॅनलचा नंबर हवा होता. म्हणजे भाऊंनी अजून तरी पान दिलेलं नाही. किंवा दिलंय आणि तो बोलला नाही.
आज आणखी चार सह्या. मेडिकलवाल्याचीही. त्याला नवा कोड आठवत नव्हता आणि मला माहीत नव्हता, तासभर भोंगा वाजत राहिला, अख्खी गल्ली गोळा झाली. कागद स्वतःच काढून दिला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत तो घेतला.
पंधरा. चोवीस उरले. पतसंस्था मिळो न मिळो, हे चोवीस दिवाळीच्या आत करणार. आता कोणी नाही म्हणालं तरी सरळ पुढच्या दुकानात जाते. काका परवापासून दुकानदारांना माझ्या आधीच सांगायला लागलेत, ताईचा कागद वाचा आंधी, मंग मी शिडी लावतो.

१३ सप्टेंबर, शनिवार
दुपारी ग.भाऊंचा फोन. तीन आठवड्यांत पहिला. स्क्रीनवर नाव बघून उभी राहिले.
नमस्कार नाही, काही नाही. "तूनं ते जे पान लिहून देल्लं, त्याची दुसरी प्रत हाय काय तुह्यापाशी?"
नाही म्हटलं. तेवढंच होतं.
पलीकडे दुकानात कोणीतरी फवारणी पंपाचं नोझल मागत होतं, त्याला थांब म्हणाले.
"असा धंदा करते काय तू? सही करून कागद दुसऱ्याच्या हाती देऊन टाकला, अन् आपल्यापाशी नक्कल नाही. उद्या मी त्याच्यात एखादी ओळ वाढवली तं?"
मी म्हटलं, तुम्ही नाही वाढवणार.
"हे लेखी हाय काय कुठं?"
मग म्हणाले, सोमवारी ये, झेरॉक्स काढून ठेवतो. दोन्हीची. फोन ठेवला.
दोन्हीची म्हणाले. करारावर सही केली का, ते बोलले नाहीत, आणि मी विचारलं नाही. प्रकाश म्हणतोय, फोन लावून विचार. नको. सोमवारी सकाळीच गाडीवर जाते, जे असेल ते कागदावर बघते.